तिसऱ्या बाकावरचं आमेन

"पण त्यात खोटं काय होतं, बाबा?"

गिदोनने हे तिसऱ्यांदा विचारलं.

याकोबबाबा पहिल्या बाकावर बसले होते. काठी गुडघ्यांमध्ये धरलेली. ते आमच्या चर्चचे जुने पाळक. दहा वर्षांपासून त्यांना दिसत नाही.

दुपारची वेळ. मी दाराजवळ झाडत होतो. चर्चला दार एकच आहे.

गिदोन दोन महिने नगरच्या बायबल शाळेत होता. सकाळच्या गाडीने आला होता. येत्या रविवारी त्याला उपदेशक नेमायचं ठरलं होतं. बाबांनी डोक्यावर हात ठेवायचा, मग तो उपदेशक. आणि बाबांनी निरोप धाडला होता, हात ठेवणार नाही.

"जाण्याआधीच्या रविवारी मी फक्त प्रार्थना केली," गिदोन म्हणाला. "प्रार्थनेवरून कोणी माणसाला अडवतं का?"

"काय केलीस?"

"तुम्ही होतात की."

"परत सांग."

गिदोन घुटमळला. मग म्हणाला, "हे प्रभू, आमच्यातली जी बहीण आजारी लेकरासाठी भगताच्या दारी दोरा बांधायला गेली, तिला क्षमा कर."

"नाव घेतलंस?"

"नाही. नाव कुठे घेतलं?"

"आजारी लेकरू किती घरांत होतं?"

गिदोनने तोंड फिरवलं.

एकाच घरात होतं. सलोमीच्या. विधवा बाई. आजाऱ्यांच्या घरी जाऊन बायबल वाचून दाखवायची.

"डोळे मिटले होतेस?" बाबांनी विचारलं.

"प्रार्थनेत सगळेच मिटतात."

"तू?"

"बाबा, तुम्हाला दिसत नाही, म्हणून काहीही..."

"मी तुझ्या मागे खुर्चीवर होतो. तुझा आवाज आधी सरळ जात होता. मग उजवीकडे वळला. तिसऱ्या बाकाशी जाऊन थांबला. देव तिथे बसला होता का?"

गिदोनचे कान लाल झाले.

"मी डोळ्यांनी पाहिलं होतं तिला," तो म्हणाला. "पहाटे. भगताच्या पायवाटेवर. पदराखाली काहीतरी झाकून चालली होती."

"दोरा बांधताना पाहिलंस?"

"तिकडे दुसरं काय असतं?"

"भगताची बायको बाळंत झाली होती. तिच्या घरी करणारं कोणी नव्हतं. पदराखाली पेजेचा तांब्या होता."

गिदोनने पायातल्या नव्या बुटांकडे पाहिलं. जरा वेळाने म्हणाला, "मला काय माहीत? पण लोक तर आमेन म्हणाले. सगळे."

ते खरं आहे. आम्ही सगळे म्हणालो. मीही म्हणालो.

"सगळ्यांत शेवटी कोण म्हणालं, ठाऊक आहे?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"तीच. सवयीने म्हणाली. प्रार्थना संपली की म्हणायचं, म्हणून म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं कशाला म्हणाली ते."

...

"पोरगा कसा आहे?" गिदोनने विचारलं.

"गेला. तू नगरला गेलास त्याच्या चौथ्या दिवशी."

"मला कोणी कळवलं नाही."

"लोक म्हणाले, भगताकडे गेली, देवाने शिक्षा दिली. मातीला कोणी आलं नाही. पेटीला चार कोपरे. एक याने धरला." बाबांनी काठी माझ्याकडे केली. "एक मी. ठेचकाळत. तिसरा भगताने धरला."

"आणि चौथा?"

"पोराला दुसरं होतं कोण?"

गिदोनला कळलं. पण गर्व एकदम उतरत नाही. तो ताडकन उठला. त्याचा आवाज चढला.

"मी पोराला मारलं नाही! मी जे पाहिलं तेच बोललो! मी खरं बोललो!"

"आमेन."

आवाज मागून आला.

गिदोन जागच्या जागी थिजला. माझ्या हातातला झाडू थांबला.

तिसऱ्या बाकावर, खांबाच्या आडोशाला, सलोमी बसली होती. डोक्यावरून पदर. हात मांडीवर. ती आत कधी आली मला माहीत नाही. दारात मीच होतो.

"मावशी..." गिदोन म्हणाला.

"आमेन."

ना राग, ना रडू. दळण आणायला सांगावं तसा साधा आवाज.

"ही अशी काय करतेय, बाबा?"

"त्या रविवारपासून तिला तेवढा एकच शब्द राहिलाय. दुकानदार विचारतो, मीठ हवं का? आमेन. डॉक्टर विचारतो, कुठे दुखतं? आमेन. शाळेतली पोरं घराबाहेर उभी राहून ओरडतात, सलोमे, तू चेटकीण आहेस का गं? दाराआडून आवाज येतो, आमेन. पोरं हसत पळतात. आता तीही जात नाहीत. घाबरतात."

गिदोनच्या कपाळावर घाम आला. चर्चच्या आत गार असतं, तरी आला.

"रविवारी मी हात ठेवीन," बाबा म्हणाले. "तू म्हणशील तर ठेवीन. तू वर उभा राहशील. ती तिथेच बसेल. तू जे जे वाक्य बोलशील, त्याच्यामागे..."

"नको."

"एकाच रविवारी नाही. जन्मभर. दर रविवारी."

"बाबा, तिला थांबवा."

"मी सुरू केलं नाही."

गिदोन उभाच राहिला. वर तुळईवर पारवे होते, तेही आवाज करत नव्हते. मग तो निघाला. बाकांमधून हळूहळू चालत गेला, पाण्यात पाय टाकावा तसा. तिच्यासमोर जाऊन फरशीवर गुडघे टेकले. या वेळी त्याचे डोळे उघडे होते. तिच्याकडेच होते.

"मावशी, मी फक्त पायवाट पाहिली. पुढचं माझ्या मनचं."

"आमेन."

"मला लोकांसमोर मोठं व्हायचं होतं."

"आमेन."

"मी खोटं बोललो. देवाचं नाव पुढे करून बोललो."

"आमेन."

तोच आवाज. मीठ हवं का विचारल्यावरचा.

गिदोनला हुंदका आला. माणूस भिऊन रडतो तसा तो रडला.

"मला माफ करा, मावशी."

...

काहीच नाही.

मी वाट पाहिली. बाबांनी मान एका बाजूला कलती केली होती.

"माफ करा मला," गिदोन पुन्हा म्हणाला.

...

सलोमीने त्याच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत ती कोणाकडे बघताना मी पाहिली नव्हती. तिचे ओठ हलले, पुन्हा मिटले. तिने पदर सारखा केला. उठली. माझ्या अंगावरून दाराबाहेर गेली. उन्हात तिची सावली मी मुद्दाम पाहिली. होती.

गिदोन धडपडत पुढे आला. बाबांच्या पायाशी बसला.

बाबांचा हात उठला. हवेत चाचपडत त्याच्या डोक्यावर आला. टेकला नाही. वरच्यावर थांबला आणि पुन्हा काठीवर गेला.

"बाबा," गिदोन म्हणाला, "सगळ्याला बोलली. माफीलाच काही बोलली नाही."

बाबांनी दाराकडे तोंड वळवलं.

मग म्हणाले, "आमेन सवयीचं होतं. आजच बोलली."