रुमालाचं दुसरं टोक

“...पण एक तरी पाऊल चुकलं का माझं, तेवढं सांगा ना बाई!”

“नाही चुकलं.”

“तीन वर्षांत?”

“तीन वर्षांत नाही.”

“मग अडलंय कुठे?”

 बाई गुडघ्याला फडकं गुंडाळत होत्या. ते नीट बसेना म्हणून सोडलं, पुन्हा गुंडाळलं...

मी शेजारीच गवतात बसून कुणा सरदाराच्या झग्याची उसवलेली बाही शिवत होते. कान मात्र तिकडेच. खोटं कशाला बोलू?

हे कुरण बेल्जियममधलं, एका पडक्या किल्ल्याच्या पायथ्याचं. दर उन्हाळ्यात चार दिवस इथे शे-दोनशे शहाणीसुरती माणसं पाचशे वर्षं मागे जाऊन राहतात. फोन पेटीत, घड्याळं पेटीत. ऐन उन्हात अंगात लोकरीचे झगे, आणि त्यावर मशीनची शिवण दिसली तर नाकं मुरडतात. साताऱ्यात तीस वर्षं ब्लाउज शिवून मी लेकीकडे राहायला आले, आणि हातशिलाई येते म्हणून या वेड्यांत सामील झाले. सहा वर्षांत त्यांची भाषा जेवढी पदरात पडली, तेवढ्यावर हे सगळं मराठीत सांगते आहे.

बाई म्हणजे लीस्बेट. वय बहात्तर. त्या काळचा नाच शिकवायच्या, इथे चार दिवस आणि एरवी वर्षभर दर आठवड्याला एका हॉलमध्ये; कपड्यांसाठी मीही तिथे जायचे. आम्ही तिघं मराठी त्यांना ‘बाई’ म्हणायचो, ते ऐकून मग सगळेच म्हणायला लागले.

नाच म्हणजे तुम्हाला वाटतं तसला नाही. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. पाऊल जमिनीवरून जेमतेम सुटतं. नमन, झोका, एकेरी, दुहेरी, माघार... पाचच पावलं, ती उलटसुलट क्रमाने येतात. जोड्या एकामागे एक उभ्या राहतात आणि संथ पुढे सरकतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, अजून सुरूच व्हायचाय.

आणि एकही पाऊल न चुकलेला हा विहंग कर्णिक. नाशिकचा, इथे एका कंपनीत इंजिनिअर. जुन्या पोथ्यांत पावलापावलाला एकेक अक्षर लिहिलेलं असतं. याला तसले बावन्न नाच तोंडपाठ. मुलगा हुशार, त्यात वाद नाही. पण दुसऱ्याची टाच बोटभर उचलली गेली तरी याच्या कपाळाला आठी. ढोल वाजवणारा यान एरवी दातांचा डॉक्टर, साठीचा माणूस. त्यालाही हा सगळ्यांसमोर सांगायचा, “सातव्या दुहेरीला अर्धा ठोका मागे पडलात.” यान बिचारा मान हलवायचा.

विहंगची बायको ऋजुता माझ्याजवळ बसून काजं करत होती. पूर्वी तीच त्याची जोडीदार. गेल्या वर्षी ती एक दिवस म्हणाली, पाय दुखतात, मी बसते. हा म्हणाला, “बरं.” आणि दुसरी जोडीदार घेतली.

ती तेव्हापासून माझ्याजवळच बसते. काजं मात्र फार सुबक करते पोर.

“बाई,” विहंग पुन्हा म्हणाला, “हे तुमचं शेवटचं वर्ष. तुम्हीच सांगितलंत सगळ्यांना.”

“सांगितलं.”

“तुमच्यानंतर ओळीच्या पुढे कुणी चालायचं, ते आज ठरणार.”

“ठरेल.”

“लोक म्हणतात, ती जागा क्लाराला देणार. क्लारा दर नाचात दोनदा तरी चुकते!”

“तीनदा,” बाई म्हणाल्या.

विहंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला राग आला होता आणि तो राग खरा होता. पुढची जोडी चालेल तसे मागचे सगळे चालतात. त्या जागेसाठी याने तीन हिवाळे वाहिले होते. आपल्यालाच मिळणार म्हणून नाशिकला आईला कळवूनही टाकलं होतं.

“मग आज मला पुढे करा. लोकांनाच बघू दे.”

“करते की.”

“खरंच?”

“जोडीला मी येते.”

“तुमचा गुडघा...”

“गुडघ्याचं मी बघेन. तू रुमाल बघ.”

विहंग हसला. “रुमाल कधी ताणलाय माझा?”

रुमालाचं सांगायला हवं. बाईंच्या मंडळींत एक रीत आहे. ओळीतल्या कुठल्याच जोडीने हातात हात धरायचा नाही. दोघांच्या मध्ये एक पांढरा रुमाल. एक टोक याच्या दोन बोटांत, एक तिच्या. एकमेकांकडे बघायचं नाही. नजर समोर, त्या काळच्या सरदाराच्या, ड्यूकच्या, नावाने मांडलेल्या रिकाम्या खुर्चीवर. रुमाल ताणला गेला तर ती चूक, कारण त्याचा अर्थ एकाने दुसऱ्याला ओढलं. तो मध्ये सैल झुलत राहायला हवा.

विहंगचा रुमाल इतका सैल झुलायचा की नवशिक्यांना दाखवायला त्यालाच उभं करायचे. मी स्वतः पाहिलंय. कौतुकही केलंय.

दुपार झाली. ऊन कलतं झालं. लोक कुरणाच्या दोन्ही कडांना बसले. एकाने सनईसारखं वाद्य तोंडाला लावलं, यानने ढोल गळ्यात घातला.

बारा जोड्या. पुढे विहंग आणि बाई.

नमन झालं. झोका झाला. एकेरी, एकेरी, दुहेरी...

खरं सांगते, सुंदर दिसत होता तो. पाठ ताठ, मान स्थिर, पाऊल गवतावर टेकतंय की नाही कळत नव्हतं. मी ऋजुताला कोपराने ढोसलं. “बघ गं, नवरा बघ तुझा.”

“बघतेय,” ती म्हणाली. तिने काजावरून मान वर केली नव्हती.

नाच निम्म्यावर आला असेल. मी दात लावून दोरा तोडला, वर बघितलं...

बाई खाली बसल्या होत्या.

पडल्या नाहीत. गवतात नीट बसल्या होत्या, पाय लांब करून, झगा सावरून. मागच्या अकरा जोड्या जागच्या जागी थांबल्या. क्लाराने तोंडावर हात नेला.

 बहात्तर वर्षांची बाई! मी उठायला लागले. यानची काठी हवेत अडली. तेवढ्यात बाईंनी एक बोट वर केलं, यानकडे बघून.

वाजवत राहा.

यानने वाजवलं. काय करणार? सनईवाल्याचे डोळे मोठे झाले, पण सूर चालू राहिला.

आणि विहंग नाचत राहिला.

मला आधी वाटलं, आता वळेल. या पावलाला वळेल. पुढच्या पावलाला तरी...

नाही वळला.

दुहेरी, दुहेरी, माघार. त्याचा उजवा हात बाजूला तसाच, डौलात, दोन बोटांत रुमालाचं टोक. दुसरं टोक गवतावरून घसटत चाललं होतं. रुमाल अजिबात ताणलेला नव्हता. इतका सैल तो कधीच नसेल.

शे-दोनशे माणसांत कुणी ब्र काढेना. मला नंतर कळलं, त्या शांततेचा त्याने वेगळाच अर्थ लावला होता. त्याला वाटलं, लोक भारावले आहेत.

किती वेळ गेला, घड्याळ पेटीत असल्यामुळे सांगता येणार नाही. पण फार गेला. एक माणूस एकटा जोडीचा नाच नाचतो आहे, दर पावलाला शेजारच्या रिकाम्या जागेसाठी अदबीने जागा सोडतो आहे, आणि त्याला पत्ता नाही. मी आयुष्यात अपघात पाहिलेत, मरणं पाहिलीत. पण दिवसाढवळ्या, फुलं उमललेल्या कुरणात, इतकी हादरले नव्हते. माझ्या हातातली सुई बोटात रुतली होती, तेही मला मागाहून समजलं.

“मावशी,” ऋजुता हळूच म्हणाली.

“काय गं?”

“मी पण असंच टोक सोडलं होतं.”

मी तिच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. ती सरळ समोर बघत होती, त्या खाली घसटणाऱ्या टोकाकडे.

“वर्ष झालं,” ती म्हणाली.

 वर्षभर ती माझ्या मांडीला मांडी लावून बसत होती. मीही तिला कधी विचारलं नव्हतं... पाय बरे आहेत का म्हणून.

नाच संपला. शेवटी जोडीदाराकडे वळून नमन करायचं असतं. विहंग खुर्चीसमोर पोचला, वळला, गुडघा वाकवला, मान खाली घातली. अगदी पोथीत असतं तसं.

मान खाली असल्यामुळे त्याला आधी रुमालाचं टोक दिसलं. त्याला गवताची पाती चिकटली होती आणि ते हिरवं झालं होतं.



मग त्याने मान वर केली. समोर कुणी नव्हतं. मागे ओळ नव्हती. वीस-पंचवीस हात लांब अकरा जोड्यांचं सगळं लटांबर उभं, आणि मध्ये गवतात बाई.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एखाद्याचा चेहरा तसा झालेला बघू नये, म्हणून मी खाली बघितलं.

तो धावत आला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला धावताना पाहिलं.

“बाई... पडलात?”

“बसले.”

“लागलं का?”

“गवत आहे.”

“पण... कधी?”

“तू सांग.”

विहंगने तोंड उघडलं. यानचा अर्धा ठोका पकडणारा माणूस! बावन्न नाचांतलं कुठलंही पाऊल झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

“दुसऱ्या माघारीनंतर...”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

“नाही... त्या तीन दुहेरी आहेत ना, तिथे...”

बाईंनी यानकडे बघितलं. यान ढोलाकडे बघत होता.

विहंगने तोंड मिटलं.

बाईंचा गुडघा खरंच गेला की त्या मुद्दाम बसल्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, बसल्यावर बरं वाटलं.

विहंग त्यांच्यासमोर गवतात गुडघ्यांवर बसला. रुमाल दोन्ही हातांत घेऊन पुढे केला. 

“क्लाराला द्या,” तो म्हणाला. “मला नको. माझी... माझी लायकी नाही.”

मागे क्लारा रडायलाच लागली.

बाईंनी रुमाल घेतला नाही. फक्त हिरवं झालेलं टोक हातात घेतलं आणि त्याला चिकटलेली पाती एकेक करून काढू लागल्या. सावकाश. पाच-सहा असतील. सगळे उभे. बाईंना कशाचीच घाई नव्हती.

पाती काढून झाल्यावर त्यांनी ते टोक लांब धरलं.

आमच्या बाजूला.

मला आधी वाटलं, धुवायला देताहेत. कपड्यांचं सगळं माझ्याकडेच असतं. मी उठायला लागले, तर बाईंनी मान हलवली.

ऋजुताने हातातलं काम खाली ठेवलं. सुई बाहीत खोचली. तिचं ते नेहमीचं आहे, सुई कधी इकडेतिकडे टाकणार नाही. मग ती उठली आणि चालत गेली.

विहंगने तिला येताना पाहिलं. त्याला आधी कळलं नाही. आणि मग कळलं... तो मघापेक्षाही वाईट हादरला. बाई गवतात बसलेल्या दिसल्या तेव्हा तो पांढरा पडला होता. आता त्याचा चेहराच त्याच्या ताब्यात राहिला नाही.

ऋजुताने त्याच्याकडे बघितलं नाही. बाईंच्या हातातलं टोक तिने दोन बोटांत घेतलं आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभी राहिली.

तो उठला. तिच्या शेजारी, रुमालाएवढं अंतर ठेवून. रुमाल दोघांच्या मध्ये थरथरत होता. कुणाच्या हाताने, ते सांगता येणार नाही.

यानने काठी उचलली आणि बाईंकडे बघितलं. मागच्या जोड्या सरळ झाल्या.

“बाई,” विहंग म्हणाला. “कुठून सुरू करू?”

“जिथे ही सुटली तिथून.”

विहंगने मान वळवली. नाचात वळवायची नसते. तरी वळवली, आणि ऋजुताकडे बघत राहिला... कितीतरी वेळ.

“ते...” तो म्हणाला, “ते मला माहीत नाही, बाई.”

बाईंनी गुडघ्यावरचं फडकं सोडलं, झटकलं, घडी करून मांडीवर ठेवलं.

“मग ‘माहीत नाही’ तिथूनच.”