देवडीकराची नजर आन् यमीची मडकी

ह्या गोष्टीचा शेवट वळखून दाखवा! भल्याभल्यांना जमला न्हाई, तुमालाबी जमायचा न्हाई. लागली पैज!

एका राजानं बाग बांधली. आभाळाला टेकनारे पाळने, गरगर फिरनारे लाकडी घोडे, आन् मधोमध ताडाएवढं उडनारं कारंजं! समद्या मुलखाला आवतान धाडलं. मुलूख आला की! रांग गेली पार वेशीभायेर. उनात उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पोरं रडायची, रडून झोपायची, आन् नंबर लागला की पाळनेवाला म्हनायचा, "दोर तुटला, जेवून या!"

म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी बाजूला एक सावलीचं दार व्हतं. तिथं बसायचा हैबतराव देवडीकर. पिळलेल्या मिशा, गुलाबी पागोटं. "नुसतं बघून सांगतो, आजारी कोन आन् सोंगाडा कोन!" अशी त्येची ऐट. नजर कसली? कुबडी दिसली की सोड आत! एका बेरकी म्हाताऱ्यानं भायेर दुकानच मांडलं, एका नारळाला एक कुबडी. लोक लंगडत आत जायचे आन् आत गेले की घोड्यांकडं धूम पळायचे!

त्या दारावर यमी कुंभारीन आली. संगं नवरा, रंभाजी. गडी दिसाया पैलवान, पन काळीज नाजूक. उनात उभा ऱ्हायला की छाती फडफड करायची आन् गडी धाडदिशी आडवा! त्या कारंज्याचे समदे खापरी नळ ह्याच रंभाजीनं घडवलेले, भाजलेले. पन त्यातनं पानी उडताना त्येनं एकदाबी बघितलं न्हवतं. सकाळधरनं दोनदा रांगेत उभा ऱ्हायला, दोनदा पडला. मागली मान्सं म्हनली, "मधी घुसायची नाटकं!"

"देवडीकर, ह्येंना आत सोडा," यमी म्हनली. "काळजाचं दुखनं हाय."

हैबतरावानं रंभाजीला वरनं खाली न्याहाळला आन् खो खो हसला. "हा आजारी? आगं, ह्यो बैल उचलंल! चल, लाग रांगेत!"

"बैल उचलनाऱ्याला काळीज नसतं व्हय?"

"मला शिकवतीस?"

आवाज चढला. वर सज्जात राजा बसला व्हता, त्येनं खाली डोकावलं. राजा मोठा हट्टी. म्हनला, "पोरी, आमी डोळ्यांनी बघतो त्येवढंच खरं मानतो. उद्या ह्याच दाराशी तुझ्या नवऱ्याचं दुखनं आमाला दिसंल असं दाखव. वैद्याची चिठ्ठी नको, साक्षीदार नको, आन् गडी पाडून दाखवायचा न्हाई! न दाखवलंस तर दोघांना ह्या बागंत जन्मभर बंदी."

रंभाजी वाटंनं म्हनला, "यमे, ऱ्हाऊ दे ते कारंजं. दिसत न्हाई ते दाखवनार कसं?"

"धनी, तुमी गप बसा. मला भट्टीमागचा ढीग उपसू द्या."

दुसऱ्या दिशी यमीनं दारासमोर पाच मडकी मांडली. चार लालभडक, गुळगुळीत. पाचवं काळं डागाळलेलं, काठ वाकडा.

"महाराज, काही मडकी आजारी हायत. देवडीकरांनी नजरंनं धडधाकट मडकं काढून दावावं."

"हात्तिच्या!" हैबतराव पुढं झाला आन् मडक्यावर टिचकी मारायला बोट वाकवलं. मडकं घेताना समदेच वाजवून घेतात की!

यमीनं त्येचा हात धरला. "हां! हात न्हाई लावायचा! काल आमच्या मालकांच्या नाडीला हात लावला व्हता का?"

राजा गालात हसला. हैबतरावानं तोऱ्यात सगळ्यांत देखनं मडकं दाखवलं. "हे! एकदम ठनठनीत. आन् ते काळं तेवढं रोगी!"

"पक्कं?"

"माझी नजर हाय ती!"

"मग घ्या भरून डोक्यावर आन् ऱ्हावा रांगेत. ठनठनीताला काय व्हनार?"

राजानं मान डोलावली. झालं! देवडीकर भरलं मडकं डोक्यावर घेऊन रांगेच्या शेपटाला. पयल्यांदा काईच न्हाई. मग एक थेंब नाकावर. मग दोन. मग फाट्कन आवाज झाला आन् आख्खं मडकं दुभंगलं! पागोट्याचा कच्चा रंग गळाया लागला, मिशा गुलाबी, दाढी गुलाबी, अंगरखा गुलाबी! रांगेतली रडकी पोरं टाळ्या पिटाया लागली.

"मडकं चांगलं व्हतं!" हैबतराव वरडला. "उभं व्हतं, रंग व्हता, कुठं चीर दिसत न्हवती!"

"आमचे मालकबी तसेच उभे व्हते, देवडीकर!"

राजा खाली उतरला. त्येनं एकेक मडकं वाजवलं. देखनी तिन्ही बद्द बद्द! काळं मात्र टन्नकन वाजलं.

"लबाडे! देखनी समदीच तडकलेली आनलीस? आमाला फसवलंस!"

"न्हाई महाराज. नजरंवर पारखायचा नेम तुमचा. मडकी फकस्त माझी. आता सांगा, दुखनं दिसलं का?"

"दिसलं!" राजा पोट धरून हसाया लागला. "गुलाबी रंगाचं दिसलं!"

त्याच घडीला हुकूम सुटला. कुनी दुखनं सांगितलं की त्येला सावलीत बाज द्यायची, तोंड बघत बसायचं न्हाई. यमीला सोन्याचं कडं मिळालं. रंभाजीला कारंज्यापुढं गादीवर बसवला. पानी उडलं, गडी डोळं पुसत बघत ऱ्हायला आन् शेवटी म्हनला, "तिसरा नळ जरा वाकडा बसलाय."

आन् हैबतराव? त्येला म्हैनाभर भर उनात रांगेतल्या मान्सांना पानी पाजायचं काम लागलं. वर यमीनं त्येच्याकडनं फुटक्या मडक्याची किंमत वसूल केली, तीबी ठनठनीत मडक्याची! नजरंनं पारखूनच घेतलं व्हतं की त्येनं!