चाऱ्याची मूठ

"'बाप गेला' हे कानडीत कसं सांगायचं, अज्जा? तेवढंच शिकवा. संध्याकाळची गाडी आहे."

अज्जा मठाच्या गोठ्यात शेण काढत होते. मठ सीमेवरचा. दोन्ही भाषा त्यांच्या घरच्या.

"कुणाला सांगायचंय?"

"भाग्याला. माझी पुतणी. एवढीशी आहे, कर्नाटकातच वाढली, मराठी येत नाही तिला. दादा ट्रकवर होता... घाटात गेला. वहिनीच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोर रोज दारात वाट बघत बसते."

अज्जांनी खराटा भिंतीला टेकवला.

"तुला कानडी येतं किती?"

"पुष्कळ! येताना एसटीत पाठ केलं. पाणी म्हणजे नीरु. घर म्हणजे मने. घे म्हणजे तगो."

"'तगो' म्हटलं की काय दिसतं तुला?"

"मराठीतलं 'घे'."

"बरं." त्यांनी हिरव्या चाऱ्याची मूठ माझ्या हातात दिली. "त्या वासराला म्हण."

मी उभ्यानंच हात पुढे केला. "तगो!"

वासरू दाव्याला ताण देत मागे सरलं.

"अरे, तगो की!"

"पोलीस आहेस का रे लेका?"

"त्याला कानडी कळत नसेल."

"मग मराठीत म्हण."

"घे!"

वासरू आणखी मागे गेलं. अज्जा पोट धरून हसले.

मग माझा खांदा दाबून त्यांनी मला खाली बसवलं. शेणातच. माझी घट्ट मूठ उघडली आणि हात वासराच्या तोंडाखाली आणला.

"लहानांना आधी हातानं म्हणायचं. मग तोंडानं."

मी थांबलो...

"तगो," हळूच म्हणालो.

वासरू आलं. चारा संपला, तरी माझा रिकामा तळहात चाटत राहिलं.

"आता काय दिसतं?"

दादा असाच उकिडवा बसायचा माझ्यासमोर. शेंगदाणे सोलून, तळहात उघडा धरून.

"दादाचा हात," मी म्हणालो आणि हुंदका फुटला.

अज्जांनी रडू दिलं. वासरानंही.

"ऊठ आता, गाडी चुकेल."

"आणि तो शब्द, अज्जा? 'बाप गेला'?"

त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं माझा ओला तळहात पुसला.

"जाऊन तिच्याजवळ बस. तो तीच तुला शिकवेल."