हौसाईचा पट्टा

फार वर्षांपूर्वी, लोक आभाळाकडे केवळ पावसासाठी पाहत असत त्या काळी, चिंचदरा गावात हौसा नावाची एक बाई राहत होती. गाव तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले. चौथ्या बाजूला खिंड होती, आणि गावातून जाणारा व गावात येणारा प्रत्येक माणूस त्या खिंडीतच दिसे. हौसाचा नवरा गेनू यंत्रांच्या कामात वाकबगार होता. गावातली पहिली विजेची गिरणी त्यानेच उभी केली. मोटरीवरून गिरणीच्या चाकावर जाणारा चामड्याचा लांब पट्टाही त्याने स्वतः शिवला, पण सांधा किंचित तिरका बसला. त्यामुळे पट्टा फिरला की दोन ठोके पडत. पहिला ठसठशीत, त्याला लागूनच दुसरा दबका. गाव हसले. गेनूने सांधा उसवला नाही. हौसाला तो आवाज आवडला होता, असे म्हणतात.

पुढे दुष्काळ पडला. दळायला धान्यच उरले नाही, तेव्हा गेनू दूरच्या एका धरणावर यंत्रे दुरुस्त करायला निघाला. उंबऱ्यावर उभा राहून तो म्हणाला, "गिरणी बंद पडू देऊ नको. पट्टा वाजत ऱ्हायला की खिंडीतनंच कळंल मला, घर जागंवर हाय."

धरण पूर्ण झाले. कामावर गेलेली माणसे परतली. गेनू परतला नाही, आणि त्याचे काय झाले हे कोणालाच सांगता आले नाही.

हौसाने गिरणी चालू ठेवली. दळण नसले तरी रोज दिवेलागणीपूर्वी ती काही वेळ रिकामीच फिरवी. शेजारच्या बाया म्हणत, "अगं, दगड झिजतोय की."

"झिजू दे. दगड दुसरा मिळंल."

त्या आवाजाविषयी चिंचदऱ्यात पुष्कळ सांगितले जाते. धुक्यात चुकलेली गुरे त्या ठोक्यांच्या अनुरोधाने घरी येत. खिंडीत वाट हरवलेली एक वरात थेट गिरणीच्या दारात येऊन थांबली होती. सगळ्यांना वाट दाखवणारा तो आवाज ज्याच्यासाठी होता, तो मात्र आला नाही, असे म्हणतात.

मग माळावर तबकड्या आल्या. लोखंडी खांबांवर तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या, आभाळाकडे तोंड करून उभ्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारे ते केंद्र होते. तीन बाजूंच्या डोंगरांमुळे शहरांचा गोंगाट इथे पोचत नाही, म्हणून ही जागा निवडली गेली होती. गावाने केंद्राला साधे नाव दिले, 'दुर्बीण'; पण ती पाहत नाही, ऐकते, हेही गावाला लवकरच कळले.

दुर्बीण चालू झाली आणि ऐकू आला तो केवळ खरखराट. तो कुठून येतो हे शोधायला केंद्राची एक गाडी टपावर लहरी पकडणाऱ्या काठ्या लावून गावभर फिरू लागली आणि अखेरीस गिरणीसमोर थांबली. गाडीतून वर्तक नावाचे अभियंते उतरले. चाकावर घासून पट्ट्यात वीज साठत होती आणि सांध्यापाशी तिच्या बारीक ठिणग्या उडत होत्या. डोळ्यांना त्या दिसतही नव्हत्या, पण तबकड्यांना त्यापुढे दुसरे काही ऐकू येत नव्हते.

दळणाला आलेल्या गंगू तेलिणीने डबा खाली ठेवला. "हौसे, तुझ्या गिरणीनं आभाळाला ठसका लागलाय म्हणं."

वर्तक म्हणाले, "बाई, गिरणी बंद करायची नाही. फक्त पट्टा बदलायचा. नवा आम्ही बसवून देतो."

"पट्टा न्हाई निघायचा."

"का?"

"मालकांनी शिवलाय."

"मग त्यांनाच विचारू. कुठे आहेत ते?"

"कामावर गेल्यात," हौसा म्हणाली. गंगूने डबा उचलला आणि ती निघून गेली.

वर्तकांनी सक्ती केली नाही. पुढच्या आठवड्यात हौसाच आपणहून माळ चढून गेली. तबकडीखाली बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने विचारले, "हे काय ऐकतं?"

"आभाळातून येणारं. फार बारीक असतं ते. आणि इतकं लांबून येतं की ते निघालं तेव्हा आपण कोणी जन्मलोही नव्हतो."

"एवढ्या वाटंत हरवत न्हाई?"

"नाही. निघालेलं पोचतं. आपल्याकडचा गोंगाट तेवढा थांबायला हवा."

वर्तक ताऱ्यांविषयी बोलत होते. हौसाने ते गेनूविषयी ऐकले. ही कथा सांगणारे या जागी नेहमी थोडे थांबतात, आणि त्यांचे थांबणे योग्य आहे, कारण कथेचा सगळा भार या एका समजुतीवर आहे. इतकी वर्षे ती हाक घालत होती. आपल्याच हाकेत त्याचे उत्तर बुडून जात असेल, असे तिला त्या दिवशी प्रथमच वाटले. पण पट्टा उतरवला आणि गेनू नेमका त्याच संध्याकाळी खिंडीत येऊन उभा राहिला, तर?

पौष पौर्णिमेच्या दुपारी तिने पट्टा उतरवला. कोणाला हात लावू दिला नाही. त्याची गुंडाळी करून तिने ती दारामागच्या खुंटीला टांगली. त्या क्षणी माळावरच्या सगळ्या तबकड्या एकदम गिरणीकडे वळल्या, असे म्हणतात. केंद्रातले लोक सांगतात की तबकड्या इतक्या खाली झुकतच नाहीत. गाव हे ऐकून घेते आणि कथा आहे तशीच सांगते.

नव्या पट्ट्यावर दळण चालू राहिले, पण ठोके थांबले. संध्याकाळी लोक दारात येऊन उभे राहत आणि आपण काय ऐकायला आलो होतो हे आठवून परत आत जात. हौसा पायरीवर बसे. गावात कोणी मोठ्याने बोलले तर तिथूनच म्हणे, "जरा हळू. ऐकू येत न्हाई."

चैत्र उजाडला आणि एके सकाळी वर्तक धावतपळत गिरणीत आले. "बाई, जुना पट्टा परत चढवलात का?"

हौसाने खुंटीकडे बोट दाखवले. खुंटीवरच्या गुंडाळीला कोळ्याने जाळे धरले होते. वर्तक जात्याच्या कट्ट्यावर बसले.

आकाशात काही तारे मेल्यावरही गरगर फिरत राहतात, आणि त्यांच्या प्रत्येक फेऱ्याला लहरींचा एक झोत पृथ्वीवरून जातो. खरखराट थांबलेल्या त्या माळावर असाच एक तारा ऐकू आला होता, आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्यात दोन ठोके होते. पहिला ठसठशीत, त्याला लागूनच दुसरा दबका.

वर्तक तिला वर घेऊन गेले आणि कर्णा लावला. हौसा पदर सावरून बसली. ठोके पडत राहिले. खोलीतले शिकलेसवरलेले लोक तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"सांधा त्यांचाच हाय," ती म्हणाली. मग तिने विचारले, "लई लांब हाय का?"

"फार लांब आहे."

"म्हंजे येळ लागणारच. पर निघाल्यात."

वर्तकांनी ते दुरुस्त केले नाही. त्या घटकेनंतर हौसाने कधी खिंडीकडे पाहिले नाही. ती वर पाहू लागली, असे म्हणतात.

हरवलेल्या माणसाच्या कथा दुसऱ्या अनेक गावांत आहेत. बहुतेकींत तो माणूस परत येतो, निदान त्याचे पागोटे किंवा अंगठी तरी परत येते. चिंचदऱ्याच्या कथेत केवळ आवाज परत आला आणि बाईने तो पुरेसा मानला. खरोखर मानला का, याविषयी मात्र कथेचे दोन पाठ आहेत. पुरुष सांगतात की ती सुखाने गेली. बाया सांगतात की अखेरच्या दिवशीही तिने दोन भाकऱ्या थापल्या होत्या. ती गेली तेव्हा सगळ्या तबकड्या सरळ वर तोंड करून थांबल्या, यावर दोन्ही पाठांचे एकमत आहे. जोराचा वारा सुटला की तबकड्या तशाच ठेवतात, असे केंद्र म्हणते. वारा सुटला होता, हे गावही नाकारत नाही.

आजही पौष पौर्णिमेच्या दुपारपासून दिवे लागेपर्यंत चिंचदऱ्यात मोटर फिरत नाही. पंप, मिक्सर, फटफटी, सगळे बंद असते, आणि मोबाइल बंद करून धान्याच्या कणगीत ठेवतात. ज्यांच्या घरचे कोणी दूर आहे ते गिरणीच्या पायरीवर येऊन बसतात. कोणी कोणाला विचारत नाही. परगावी निघालेल्या माणसाच्या पाठीमागे उंबऱ्यावर बोटाने दोनदा वाजवतात, एकदा जोराने, एकदा हळू.

आणि त्या दुपारी खुंटीवरचा पट्टा खाली काढतात. गावातली जी बाई सर्वांत जास्त काळ कोणाची वाट पाहत असेल, तिच्या हातून त्याला एरंडेल लावतात. एका वर्षी नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेने विचारले होते, हा पट्टा आता कशाला लागणार? तेल लावणाऱ्या बाईचे हात थांबले नाहीत.

"कोरडा पडला तर चाकावर चढायचा न्हाई," ती म्हणाली. "आल्या-आल्या मालकांचा खोळंबा नको."