मथुराची काठी

समुद्रकाठच्या एका गावात विसूशेठ फणसाचे गरे पाकात घालून पत्र्याच्या बंद डब्यांत भरून विकायचे. त्यांच्या कारखान्यात मथुरा नावाची एक अबोल बाई होती. बांबूच्या काठीने प्रत्येक डबा वाजवून पाहायचा, एवढेच तिचे काम. चांगला डबा टण्ण वाजे. आत बिघाड असला तर थप्प वाजे.

एका वर्षी डबे उकळताना घाई झाली. महिनाभरात कितीतरी डबे फुगले. विसूशेठनी त्यांना बारीक भोक पाडून आतली हवा सोडली, भोक बुजवले आणि वर नवे कागद चिकटवले. मग ते सपाट झालेले डबे चांगल्या डब्यांत मिसळून टाकले. सगळा माल मुलींच्या वसतिगृहात जाणार होता.

मथुरा म्हणाली, "शेठ, हे पोरींच्या पोटात जाईल."

"मथुरे, तुझं काम वाजवायचं, बोलायचं नाही. बोललीस तर उद्यापासून घरी बसून ताटल्या वाजव!"

सकाळी गाडी भरत असतानाच सरकारी अन्न निरीक्षक आले. त्यांनी डबे उलटसुलट करून पाहिले. "ठीक दिसतात," असे म्हणून त्यांनी शिक्का उचलला.

मथुराने फक्त काठी उचलली.

टण्ण. टण्ण. थप्प.

साहेबांचा हात थांबला. त्यांनी तिसरा डबा फोडला. असा वास सुटला की गाडीवान नाक दाबून पळाला.

"सगळा माल जप्त! सगळा पुरून टाका!" साहेब कडाडले. विसूशेठ मटकन खाली बसले.

आता मात्र मथुरा बोलली. "साहेब, सगळा नको. चांगल्या डब्यांना कशाला शिक्षा?"

"शेठची बाजू घेतेस?"

"नाही. डब्याची घेते."

संध्याकाळपर्यंत तिने एकेक डबा वाजवून दोन ढीग केले. साहेबांनी दोन्ही ढिगांतले डबे फोडून पाहिले. तिचा एकही अंदाज चुकला नव्हता. नासके डबे खड्ड्यात ठेचले गेले, वर चुना पडला, माती पडली. सारे गाव टाळ्या वाजवत होते. चांगले डबे वसतिगृहात पोचले. शेठना जबर दंड झाला.

पुढच्या हंगामात दुकानादुकानांत गिऱ्हाईक एकच विचारू लागले, "मथुराबाईंनी वाजवलाय ना?" तिला घरी बसवणारे विसूशेठ शेवटी स्वतः तिच्या दारी गेले आणि मान खाली घालून म्हणाले, "मथुराबाई, चला. वाजवा, आणि बोलासुद्धा."

तात्पर्य: खरा माणूस वाइटाला लपवत नाही आणि रागाच्या भरात चांगल्याला बुडवतही नाही, म्हणूनच जग त्याच्यावर विश्वास ठेवते.