वेशीवरची फांदी

“मग वेडा नाही तर काय म्हणायचं त्याला, बुवा?”

तुळाजी मोकाशी धुनीपुढं उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. रागानं त्याच्या मिशा थरथरत होत्या.

कान्हूबुवा राख सारखी करत राहिले.

“करतो काय तो?”

“वाकत नाही.”

“कुठं?”

“कुठं म्हणून काय विचारता? वेशीत.”

आता हे वेशीचं सांगितलंच पाहिजे. आडचिंच गावाच्या वेशीवर एक चिंच होती. तिची फांदी छातीएवढ्या उंचीवर रस्त्यावर आडवी आलेली. येणाराजाणारा कमरेत वाकून जायचा. तुळाजीच्या आज्याच्या काळात ती चिंच वादळानं पडली. पुढं आज्याला जाळलं तेही तिच्याच लाकडांवर. वाकणं मात्र राहिलं ते राहिलंच. नवरदेव घोड्यावरून उतरून वाकत. तिरडी खांद्यावरून हातावर घेत. बाजारातून आणलेला नवा बैल चौथ्या दिवशी आपणहून मान खाली घाली. चिमण्यासुद्धा तेवढ्या जागेत जरा खालून उडतात, असं शपथेवर सांगणारे त्या गावात आजही भेटतील.

आणि आठ दिवसांपूर्वी तुळाजीचा सख्खा धाकटा भाऊ हैबती, तापानं फणफणलेल्या आईला दोन्ही हातांवर घेऊन वैद्याकडे निघाला, तो वेशीतून ताठ गेला. तेव्हापासून ताठच जात होता.

“आई वाचली ना?” बुवांनी विचारलं.

“वाचली. पण पोरीचं लग्न मोडलं माझ्या. पाहुण्यांनी ह्याला वेशीत ताठ चालताना बघितलं आणि पानसुपारी न घेता उठले. म्हणाले, वेड घराण्यात उतरतं.”

गावात वेडावर एकच इलाज होता. बुवांच्या वेशीबाहेरच्या धुनीतली सळई लाल करायची आणि कपाळावर डाग द्यायचा. सळई सकाळपासून निखाऱ्यात होती. हैबतीला वेशीच्या आतल्या खांबाला बांधलं होतं. सगळं गाव भोवती जमलं होतं. फक्त बुवांनी हो म्हणायचं बाकी होतं.

“तो काय म्हणतो?”

“म्हणतो, फांदी नाही.”

“आहे का?”

तुळाजीनं मिशीवरून हात फिरवला.

“आहे का, तुळाजी?”

“तो प्रश्नच नाही, बुवा. तीनशे माणसं वाकतात, एक वाकत नाही. वेडा कोण, हे काय पोथीत बघायचं?”

बुवा उठले. काखेतली झोळी हातात घेतली आणि वीस पावलांवरच्या वेशीत जाऊन उभे राहिले.

“किती उंचीवर?”

तुळाजीनं दात आवळून छातीशी आडवा तळहात धरला. “इतक्या.”

“बाजूला हो.”

बुवांनी तेवढ्याच उंचीवर झोळी अडकवली.

झोळी धुळीत पडली.

बुवांनी उचलली. झटकली. पुन्हा अडकवली. पुन्हा पडली. सकाळच्या भिक्षेचं पीठ सांडलं.

तिसऱ्यांदाही अडकवली.

कोणी हसलं नाही. मागं एकाला हसू आलं, ते त्यानं खोकून गिळलं.

“बुवा, राहू द्या,” खांबाला बांधलेला हैबती म्हणाला. “पीठ सांडतंय.”

तुळाजीचा पारा चढला.

“आणि तुम्ही कुणाला शिकवता हो? भिक्षेला रोज कोण येतं या वेशीतून? तीस वर्षं बघतोय मी. तुम्हीसुद्धा वाकता, बुवा. माझ्यापेक्षा दोन बोटं खालीच वाकता.”

गावानं माना डोलावल्या. खरंच होतं ते.

बुवांनी धुळीतली झोळी उचलून काखेत घातली.



मग त्यांचा चेहरा असा लाल झाला की धुनी फिकी वाटावी. आयुष्यात त्यांना कोणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. ते वळले, धुनीपाशी गेले, चिमट्यानं सळई उचलली आणि तशीच हातात धरून परत निघाले.

जिंकलो, असं तुळाजीला वाटलं. वाटलं, आणि नजर खांबाकडे गेली. हैबतीला लहानपणी त्यानंच कडेवर घेऊन याच वेशीतून नेलं होतं. दोघांच्या वाटचं तो एकटाच वाकायचा.

बुवा वेशीतून आत आले.

वाकले नाहीत.

एक म्हातारी “अगं बाई,” म्हणाली आणि तोंडावर पदर धरून उभी राहिली.

हैबतीनं डोळे मिटून घेतले. बुवा त्याच्यापुढं थांबलेच नाहीत. सरळ तुळाजीकडे आले आणि सळईसकट चिमटा त्याच्या हातात कोंबला. डोक्याचं फडकं काढून टाकलं. कपाळावरच्या जटा दोन्ही हातांनी मागं सारल्या.

तुळाजीनं चिमटा लांब धरला.

“बुवा... हे काय?”

“आधी मला दे. त्याला दिसायला लागून आठ दिवस झालेत. मला तीस वर्षं दिसत होतं.”