न बुडणारे घटिकापात्र

फार जुनी गोष्ट आहे मुलांनो, आणि मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते आणि त्या सबंध राज्यात लोहार एकच होता. नांगराचा फाळ त्याच्याकडे, विळी त्याच्याकडे, घोड्याचा नाल आणि राजवाड्याच्या दाराची कडीसुद्धा त्याच्याकडेच. भट्टी एक, ऐरण एक, हात दोन, आणि दाराशी माणसांची ही रांग!

आधी तिथे रोज भांडणे होत. जो पहिला येई, तो आपले सगळे काम संपेपर्यंत हटत नसे, आणि बाकीचे आठवडाभर ताटकळत. शेवटी एका शहाण्या राजाने नियम घालून दिला. भट्टीजवळ पाण्याने भरलेले घंगाळ ठेवले आणि त्यात बुडाला बारीक भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र सोडले. भोकातून पाणी आत येई, पात्र भरे आणि बुडे. ती झाली एक घटका. पात्र बुडाले की काशाची थाळी वाजायची. थाळी वाजली की लोहाराने हातातले काम खाली ठेवायचे, मग ते कुणाचेही असो, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचे उचलायचे. ज्याचे काम अर्धे राहिले, त्याने रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहायचे.

आता तुम्ही विचाराल, अर्धे राहिलेले काम लक्षात कसे राहायचे? त्याचीही सोय होती. काम खाली ठेवताना लोहार मोठ्याने तीन गोष्टी सांगे: काम कुणाचे, कुठवर आले, पुढे काय करायचे. थाळी वाजवणारा माणूस ते पाठ करी आणि पुन्हा पाळी आली की जसेच्या तसे म्हणून दाखवी. त्याला लोक घटकेकरी म्हणत. थाळीला हात लावायचा अधिकार फक्त त्याचा. राजाचाही नाही.

या अदलाबदलीत लोखंड गार होई, पुन्हा तापवावे लागे, थोडा वेळ फुकट जाई. लोक कुरकुरत. पण आज ना उद्या प्रत्येकाची वस्तू तयार होई, आणि कुरकुर करायला माणसे जिवंत आणि सुखरूप असत, हेही काही थोडे नव्हे.

या गोष्टीतला घटकेकरी स्मरणाचा पक्का, पण मनाचा कच्चा होता. शेजारी कुणी जोरात शिंकले तरी दचकायचा. त्याचे आजवर निभावले होते, कारण थाळी वाजली की लोक आपणहून बाजूला होत. कुणाला हटवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

त्याची थोरली बहीण, तिला सगळे आक्का म्हणत, गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्याची राखण करी. तळ्याच्या बांधात मोरी होती. मोरीची फळी साखळीने वर ओढली की जादा पाणी ओढ्यात निघून जाई. भर पावसाळ्यात साखळी आणि फळी जोडणारा लोखंडी आकडा मोडला. आक्का तुकडे घेऊन भट्टीवर आली, रांगेत उभी राहिली. तिला एक घटका मिळाली. लोहार म्हणाला, "आक्काचा आकडा. वाकवून झाला. पुढं कडी जोडायची, मग पाणी द्यायचं." पाणी द्यायचे म्हणजे तापलेले लोखंड पाण्यात बुडवून टणक करायचे. दोन घटकांचे काम उरले होते. आक्का रांगेच्या शेवटी गेली.

त्याच दिवशी सरदाराची पाळी आली. शेजारच्या राजाने चढाई केल्याची आवई उठली होती, खुद्द राजा सरहद्दीवर गेला होता, आणि सरदाराला भाल्यांची तीनशे पाती हवी होती. तो दहा शिपाई घेऊन आला आणि घंगाळाच्या शेजारीच मांड ठोकून बसला.

"लोखंड सारखं गार करायचं, सारखं तापवायचं, हा काय पोरखेळ आहे?" तो म्हणाला. "एकदा तापलं की सगळं उरकून टाकावं."

एवढेच. पात्र अडव, असे तो म्हणाला नाही. त्याने फक्त घटकेकऱ्याकडे पाहिले आणि मिशीवरून हात फिरवला. पात्र अर्धे भरले होते. आता ते बुडणार, आपल्याला थाळी वाजवावी लागणार आणि हा माणूस आपल्याकडे पुन्हा तसाच पाहणार, या विचारानेच घटकेकऱ्याचा धीर सुटला. त्याने पात्रातले पाणी सांडायच्या मिषाने ते उचलले आणि जवळच्या मेणबत्तीखाली साचलेले मेण बोटाने भोकात दाबून बसवले.

पात्र तरंगत राहिले. भट्टी धडधडत राहिली. पात्यामागून पाते पडत गेले.

रांगेतल्या लोकांना काय कळत नव्हते? आभाळ भरलेले, सावली दिसत नाही, तरी इतकी लांब घटका कुणाची असते? पण शिपायांच्या हातात काठ्या होत्या. आणि पात्र बुडाले नव्हते, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. कशाच्या आधारावर बोलणार? संध्याकाळी भट्टी विझे, लोक घरी जात, सकाळी पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहत.

पहिल्या दिवशी आक्का भावाला म्हणाली, "डोंगरात पाऊस थांबत नाहीये. तळ्याच्या पाच पायऱ्या कोरड्या उरल्यात."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तीन उरल्यात."

घटकेकऱ्याचे जेवण सुटले. बांधाच्या पायथ्याशी सगळे गाव, त्यात त्याचे स्वतःचे घर. तो पात्राकडे बघत पुटपुटत बसे, "आक्काचा आकडा, वाकवून झाला, पुढं कडी जोडायची, मग पाणी द्यायचं." दहा वेळा त्याचा हात पात्राकडे जाई. दहा वेळा सरदार खाकरे आणि हात मागे येई. सरदाराची त्याला भीती वाटत होती, पाण्याचीही वाटत होती. पण सरदार समोर होता आणि पाणी डोंगराआड.

तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का भिजलेल्या लुगड्याने धावत आली. शिपायांना न जुमानता ती घंगाळापाशी वाकली, तिने पात्राच्या बुडाला बोट लावले आणि भावाकडे पाहिले.

"एक पायरी उरलीय रे," ती हळूच म्हणाली. "हे तू केलंस?"

त्याने नखाने मेण उकरून काढले. आणि तरीही, ऐका, तरीही त्या भित्र्या माणसाने थाळी उचलली नाही. पात्र आपसूक बुडू दे, म्हणजे दोष पात्रावर जाईल, असे त्याला वाटले. एक अख्खी घटका तो पाणी चढताना बघत बसला. ती घटका त्याला जन्मभर पुरली.

पात्र बुडाले. थाळी वाजली.

सरदार ताडकन उठला. "काम थांबवायचं नाही!" त्याने तलवार उपसली.

लोहाराने पाते खाली ठेवले. "सरदारांची पाती. दोनशे साठ झाली. पुढं चाळीस," तो शांतपणे म्हणाला. "थाळी वाजली, सरदार. आता मान उडवलीत तरी पातं होणार नाही."

रांगेत पुढची पाळी तेल्याची होती. तो एकदम बाजूला झाला. "आक्काला जाऊ द्या," तो म्हणाला, आणि सगळी रांगच मागे सरली. इतकी माणसे एकदम हललेली पाहून सरदाराची तलवार खाली आली. घटकेकऱ्याने आकड्याचे पाठ केलेले शब्द म्हणून दाखवले. एका घटकेत कडी जुळली, दुसरीत आकड्याला पाणी दिले, आणि ओलाच आकडा फडक्यात गुंडाळून आक्का धावली. गाव तिच्यामागे धावले.

बांधावर पाणी काठोकाठ आले होते. मोरीपाशी उतरायची वाट एकट्या आक्कालाच ठाऊक. ती उतरली, तिने आकडा अडकवला आणि हात वर केला. लोकांनी साखळी ओढली, फळी उचलली, पाणी ओढ्याकडे उसळले. गाव वाचले. पण भिजून भिजून मऊ झालेली मोरीजवळची माती त्याच क्षणी खचली आणि आक्का तिच्याबरोबर पाण्यात वाहून गेली. जुनी माणसे म्हणाली, एक घटका आधी ती माती टिकली असती.

लढाई झालीच नाही. राजा परतल्यावर घटकेकऱ्याने त्याच्या पायांवर डोके ठेवून सगळे सांगितले आणि शिक्षा मागितली. राजा म्हणाला, "तू तिथंच बस. थाळी तूच वाजव. एका घटकेची किंमत आता तुझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही."

घटकेकरी पुन्हा घंगाळापाशी बसला. तो शूर झाला नाही. सरदार समोर आला की अजूनही त्याचे हात कापत. पण पात्र बुडाले की त्या कापऱ्या हातानेच तो थाळी वाजवी, एक क्षणही इकडचा तिकडे होऊ देत नसे.

तात्पर्य: समोर बसलेल्या एकाच्या धाकाने जो सगळ्यांची पाळी अडवतो, तो रांगेत मागे उभ्या असलेल्या आपल्याच माणसाचा घात करतो.